छोट्या ट्रॅक्टरची अवजारं : कुठं हात आखडावा, कुठं सोडावा

 

आम्ही बारा जणी. आमचं रान मराठवाड्यातलं, जमीन काळी, पाऊस लहरी. सोयाबीन, तूर आणि मागून हरभरा ही आमची पिकं. आमच्या बचतगटाकडं बावीस अश्वशक्तीचा एक छोटा ट्रॅक्टर आहे आणि त्याला लागणारी अवजारं आहेत. ती आम्ही स्वतःच्या रानात वापरतो आणि गावात भाड्यानंही देतो. त्यामुळं आजूबाजूच्या गटांतल्या बाया भेटल्या की एकच विचारतात, "ट्रॅक्टर तर घेतला. आता अवजारं कुठली घ्यायची? गावातल्या वर्कशॉपमधली स्वस्तातली, का कंपनीची महागातली?" आज त्यावरच बोलू.

प्रश्न साधा वाटतो, पण गटाच्या बैठकीत तो निघाला की दोन तट पडतात. आमच्यातही पडले होते. एक मावशी म्हणाल्या, "कर्ज काढून घ्यायचं तर चांगलंच घ्या, परत परत कोण घेतंय?" दुसऱ्या म्हणाल्या, "लोखंड ते लोखंड. नावाचे पैसे कशाला द्यायचे?" दोघींचंही खरं आहे. फक्त एकीचं एका अवजाराला लागू पडतं आणि दुसरीचं दुसऱ्या. म्हणून "स्वस्त की महाग" असा एकच प्रश्न सगळ्या अवजारांना विचारू नये. एकेक अवजार घ्यावं आणि त्याला आधी विचारावं, "बाई, तू फिरतेस का नुसती ओढली जातेस?"

काही अवजारांना ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद शाफ्टमधून मिळते आणि ती गरागरा फिरतात. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप ही त्यातली. काही अवजारं ट्रॅक्टर नुसती मागं ओढतो. मोगडा, वखराची पास, सरी पाडायचं रिजर, पाळी घालायची फणं ही त्यातली. आमचा हिशोब एका ओळीत सांगायचा तर असा : फिरणाऱ्या अवजाराला पैसे सोडा, ओढायच्या अवजाराला गावातलं वर्कशॉप बघा. पेरणी यंत्र या दोन्हींच्या मधलं आहे, त्याचं वेगळं सांगू.

आधी फिरणाऱ्या अवजारांचं घेऊ. ट्रॅक्टरच्या मागं जो फिरता दांडा असतो त्याला पीटीओ म्हणतात. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. हा वेग रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये जातो, तिथून बाजूच्या साखळीतून किंवा गिअरमधून खाली पात्यांच्या दांड्याला मिळतो. पाती मातीत घुसतात, त्यांना दगड लागतात, तुराट्या लागतात. प्रत्येक दणका पात्यातून दांड्याला, दांड्यातून बेअरिंगला आणि तिथून गिअरला बसतो. स्वस्त आणि महाग यातला फरक नेमका इथं असतो. वरून दोन्ही लालभडक रंगवलेली दिसतात.

दुकानात बघताना रंगाकडं बघू नका. पहिलं बघा गिअरबॉक्सचं ऑईल सील. आपल्या काळ्या मातीचा चिखल बारीक असतो. सील हलकं असलं की ऑईल बाहेर येतं आणि चिखल आत जातो. मग बेअरिंग आवाज करायला लागतं आणि एका हंगामात गिअरबॉक्स उघडायची वेळ येते. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या नव्या यंत्राचं असंच झालं. पेरणी आठ दिवसांवर आली होती आणि यंत्र उघडून खाटेवर पसरलेलं. त्यात यंत्र विकणाऱ्याकडं ते सील शिल्लक नव्हतं.

दुसरं बघा पाती. पात्याचं लोखंड मऊ असलं तर ते लवकर झिजतं, आणि नुसतंच कडक असलं तर दगडाला लागून तुटतं. चांगलं पातं बोरॉनच्या किंवा स्प्रिंगच्या पोलादाचं असतं आणि त्याला नीट पाणी दिलेलं असतं. कागदावर हे लिहून मिळतंय का ते विचारा. आणि भोकांचं माप विचारा. पात्याचे बोल्ट नेहमीच्या मापाचे असले तर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात पाती मिळतात. वेगळ्या मापाचे असले तर आपण त्या एकाच दुकानदाराच्या दावणीला बांधले जातो.

तिसरं बघा बाजूची जोडणी. साखळीची असते किंवा गिअरची. साखळीचं यंत्र हलकं आणि स्वस्त, पण साखळी सैल पडते, तिचा ताण बघत राहावं लागतं. गिअरचं जड आणि महाग, पण त्याची कटकट कमी. आपलं रान मऊ, बिनदगडाचं असेल आणि काम थोडं असेल तर साखळीचं चालून जातं. दिवसभर भाड्यानं फिरवायचं असेल तर आम्ही गिअरचंच घ्या म्हणू.

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे झाकण. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या शाफ्टवर प्लास्टिकची नळी असते. शाफ्ट फिरला तरी ती नळी साखळीनं बांधलेली, एका जागी थांबते. स्वस्तातल्या यंत्रात सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच नळी. "अहो, ती दोन महिन्यांत तुटतेच, काय करायचीय?" असं दुकानदार सांगतो. आता हिशोब करा. ट्रॅक्टरचा तो दांडा सुमारे पस्तीस मिलिमीटर जाडीचा. एका फेऱ्यात त्याच्यावर अकरा सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. सेकंदाला नऊ फेरे, म्हणजे जवळपास एक मीटर कापड एका सेकंदात. पदर असो, ओढणी असो, डोक्याचा रुमाल असो, की धोतराचा सोगा. एकदा अडकला की ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणीच्या वेळी तर यंत्र उभं असतं आणि बाया-पोरं भोवती वावरत असतात. म्हणून झाकण नसलेलं फिरतं यंत्र फुकट मिळालं तरी आमचा गट घेत नाही. आणि झाकण असलं तरी आमचा नियम एकच : पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली हातात, मगच यंत्राजवळ जायचं. पदर खोचून आणि वेणी बांधून.

याच शाफ्टमध्ये एक बोल्ट असा असतो की मोठा दणका बसला तर आधी तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा. काही जण तो सारखा तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट घालतात. तसं करू नका. तो चार पैशांचा बोल्ट आपल्यासाठीच मरतो. पिशवीत चार-पाच सोबत ठेवा.

आता ओढायच्या अवजारांकडं येऊ. इथं गोष्ट उलटी आहे. मोगड्यात काय असतं? एक चौकट, तिला फणं आणि फणांना फाळ. फिरणारं काही नाही, ऑईल नाही, बेअरिंग नाही. चौकट जाड लोखंडाची आणि सरळ असली, वेल्डिंग भरीव असलं आणि फाळ बदलता आला की झालं. हे काम आपल्या तालुक्याचं वर्कशॉप चांगलं करतं. उलट त्याला आपली जमीन ठाऊक असते. आपल्याकडं सोयाबीन अठरा इंचांवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर असतं. तूर मध्ये घातली तर अंतर बदलतं. कारखान्यातून आलेली फणं एका ठरावीक अंतरावर असतात. गावातला कारागीर म्हणतो, "ताई, तुमच्या ओळी दाखवा, तशी फणं सरकती करून देतो." कोळपणीला हाच फरक पडतो. दोन बोटं चुकलं तर फण पिकाच्या मुळावर जातो.

वखराची पास तर आपल्या लोहारांची परंपराच आहे. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याची पास करून घेतलेली तुमच्यातल्या कित्येकींनी बघितली असेल. ते पोलाद मुळात दणके खाण्यासाठीच केलेलं असतं, त्यामुळं ते टिकतं. धार गेली की भट्टीत घालून परत शेवटून घेता येते. नवीन घ्यायचं कामच नाही.

आणि हे काही आजचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शंभर वर्षांपूर्वी लोखंडी नांगर केले तेव्हा शेतकरी ते घेईनात. लोखंडानं जमिनीला विष लागतं अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथला नांगर घरोघरी गेला. सांगायचा मुद्दा असा की मोठं नाव झालेलं अवजारही आधी कुणीतरी शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून, त्याचं गाऱ्हाणं ऐकूनच सुधारलेलं असतं. आपल्या वर्कशॉपवाल्याला गाऱ्हाणं सांगता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू.

पण गावात करून घेताना तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक, कोनाची आणि पट्टीची जाडी आधी कागदावर लिहून घ्यायची आणि घेताना मोजायची. दोन, चौकट सपाट जमिनीवर ठेवून सगळे फाळ एकाच वेळी टेकतात का बघायचं. एक जरी अधांतरी राहिला तर चौकट वाकडी आहे. तीन, रंग देण्याआधी वेल्डिंग बघायला जायचं. रंगाखाली सगळंच झाकतं.

आता पेरणी यंत्र. ते ओढलं जातं, पण त्याच्या पेटीतली चकती चाकावर फिरते आणि बी मोजून सोडते. म्हणजे चौकट ओढायची आणि पेटी फिरायची. चौकट कुणाचीही चालेल. पेटीत मात्र हात आखडू नका, कारण तिथं चुकलेलं पुढं चार महिने शेतात दिसतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं. चकती खडबडीत असली, धातूचा भाग घासत असला, तर दाणा चिरतो आणि उगवण जाते. बियाणं महाग, पाऊस एकदाच, मग दुबार पेरणीचं संकट.

पेटी चांगली की वाईट हे कुणाच्या सांगण्यावर ठेवू नका. स्वतः मोजा. आमची पद्धत सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. समजा चार नळ्यांचं यंत्र आहे आणि दोन नळ्यांत दीड फूट अंतर. म्हणजे एका फेरीत सहा फूट रुंदी पेरली जाते. शंभर फूट चाललं की सहाशे चौरस फूट झालं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एकरी तीस किलो सोयाबीन पडायला हवं असेल, तर या सहाशे चौरस फुटांत सुमारे ४१३ ग्रॅम पडायला हवं. चार नळ्यांनी भागा, प्रत्येक नळीला १०३ ग्रॅम. आता नळ्यांच्या तोंडाला पिशव्या बांधायच्या, यंत्र शंभर फूट चालवायचं, आणि किराणा दुकानाच्या काट्यावर चारी पिशव्या मोजायच्या. एकीत ९० आणि दुसरीत १२० आलं तर ते यंत्र घेऊ नका. सगळ्यांत सारखंच पण कमी-जास्त आलं तर पेटीची मात्रा बदलून परत मोजा. मग पिशवीतले दाणे हातावर घेऊन चिरलेले किती तेही बघा. जो दुकानदार ही तपासणी करू देत नाही, त्याच्याकडं चहा प्यायचा आणि निघायचं.

आता ट्रॅक्टरला काय पेलतं ते बघू. छोट्या ट्रॅक्टरला मोठ्याचं जुनं अवजार स्वस्तात मिळतं म्हणून लावू नये. लहान ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या खालच्या हातांना २२ मिलिमीटरची पिन लागते, वरच्या टॉप लिंकला १९ ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला खाली २८ ची आणि वर २५ ची असते. पिन बदलता येते, पण वजन बदलता येत नाही. अवजार जड झालं आणि मागं लांब गेलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. चढाला, बांध ओलांडताना ती उचलली जातात आणि मग स्टिअरिंग कामाचं राहत नाही. कागदावर "लिफ्टची ताकद अमुक किलो" लिहिलेलं असतं ते हातांच्या टोकाला मोजलेलं. अवजाराचा भार त्याच्याही मागं असतो, म्हणून तेवढं वजन प्रत्यक्षात पेलत नाही. कंपनीचं जडशीळ अवजार म्हणजे मजबूत, असं छोट्या ट्रॅक्टरबाबत म्हणता येत नाही.

रुंदीचंही तसंच. ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा. रोटाव्हेटर त्याहून थोडा रुंद हवा, म्हणजे चाकानं दाबलेली माती परत मोकळी होते. पण फार रुंद घेतला तर इंजिन दमतं, डिझेल पितं आणि काम वरवरचं होतं. आमच्या बावीस अश्वशक्तीला साडेतीन फुटांचा बरोबर बसतो.

आता पैशाचं बोलू. आकडे आम्ही समजायला सोपे घेतोय, तुमच्या भागातले भाव तुम्ही घाला. समजा एक रोटाव्हेटर ४५ हजारांचा आणि दुसरा ७५ हजारांचा. गट तो भाड्यानं फिरवतो, वर्षाला दीडशे एकर. इतक्या कामात स्वस्तातला चार वर्षं टिकला, शेवटी पाच हजाराला भंगारात गेला आणि दुरुस्तीला वर्षाला नऊ हजार लागले. म्हणजे वर्षाचे दहा हजार झिजेचे आणि नऊ दुरुस्तीचे, एकूण १९ हजार. एकरी १२७ रुपये. महागातला आठ वर्षं टिकला, शेवटी पंधरा हजाराला गेला आणि दुरुस्तीला वर्षाला चार हजार. म्हणजे साडेसात आणि चार, एकूण साडेअकरा हजार. एकरी ७७ रुपये. एकरामागं पन्नास रुपयांचा फरक, दीडशे एकराला साडेसात हजार. तीस हजार जास्त दिले ते चार वर्षांत परत आले.

आता हेच एका घराचं बघा. पाच एकर रान, वर्षात दोनदा फिरवायचं, म्हणजे दहा एकर. एवढ्याशा कामात दोन्ही यंत्रं दहा वर्षं टिकतील असं धरू. स्वस्ताचे वर्षाला चार हजार झिजेचे, एक हजार दुरुस्तीचे, एकूण पाच हजार, एकरी ५००. महागाचे सहा हजार आणि पाचशे, एकूण साडेसहा हजार, एकरी ६५०. इथं स्वस्तच परवडलं! पण थांबा. हे नुसत्या अवजाराचे झाले. डिझेल, ट्रॅक्टर आणि चालवणाऱ्याची मजुरी वेगळी. कर्जाचं व्याज वेगळं. दहा एकरांसाठी हा खर्च करण्यापेक्षा गटाचं यंत्र भाड्यानं आणलं तर? म्हणजे एकटीनं घ्यायचं तर महागही नको आणि स्वस्तही नको, आणि दहा जणींनी मिळून घ्यायचं तर चांगलं घ्या. आमच्या बैठकीतलं भांडण या एका हिशोबानं मिटलं.

हिशोबात न येणारी एक गोष्ट राहिली, ती म्हणजे वाफसा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विद्यापीठं सांगतात. तो पाऊस झाला की सगळ्या गावाला एकाच वेळी वाफसा येतो आणि चार-सहा दिवसांत पेरणी उरकावी लागते. त्या दिवसांत यंत्र बंद पडलं तर नुसत्या दुरुस्तीचे पैसे जात नाहीत, बारा घरांची पेरणी मागं पडते. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा आम्ही विचारतो, "सुटा भाग कुठं मिळेल आणि किती तासांत?" राजकोटहून आलेलं नामी यंत्र असलं आणि त्याचं सील आठवड्यानं येणार असलं, तर ते आपल्यासाठी महागच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घ्या आणि तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात आधीच विचारून या. मिळत असेल तर निम्मी काळजी मिटली.

आता अनुदान. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. त्यात महिला शेतकरी, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी आणि अल्प-अत्यल्प भूधारक यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान असतं, पण प्रत्येक अवजाराला रकमेची वरची मर्यादा ठरलेली असते. अर्ज महाडीबीटीवर होतो. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय यंत्र विकत घ्यायचं नाही, आधी घेतलं तर अनुदान मिळत नाही. आणि अनुदानाला मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी झालेलंच यंत्र चालतं. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची अशी चाचणी संस्था आहे. दुकानदाराकडं चाचणी अहवाल मागा. गावातल्या वर्कशॉपच्या मोगड्याला तो बहुधा नसतो, म्हणून अनुदान रोटाव्हेटरसारख्या महागाच्या यंत्रावर घ्यायचं आणि मोगडा खिशातून करायचा, हे आम्हाला सोयीचं पडलं. दुकानात भाव विचारताना अनुदान धरून किती आणि न धरून किती, दोन्ही विचारा. कधी कधी अनुदान आपल्याला मिळतं आणि किंमत दुकानदाराकडं वाढते! बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात तसाच लावलाय का बघा.

महिला म्हणून अर्ज करायचा तर सातबारा आपल्या नावाचा लागतो, आणि इथंच बहुतेक जणींचं घोडं अडतं. घाम आपला, सातबारा मालकांचा. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडं जाऊन विचारा. अवजार नंतर येईल, नाव आधी लागू द्या. दुकानातही तसंच. आम्ही चौघी जणी गेलो तरी विक्रेता सोबत आलेल्या ड्रायव्हर भाऊंशीच बोलत होता. शेवटी आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "दादा, पैसे या पिशवीत आहेत, इकडं बघून सांगा." मग त्यानं गिअरबॉक्स उघडून दाखवला.

एक अवघड गोष्ट सांगायची राहिली. गटातल्या सहा जणी दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जातात. कोळपणीचं अवजार घ्यायचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे यंत्र आमची रोजी खाणार का?" प्रश्न खोटा नव्हता. ओळींच्या मधलं तण यंत्र काढतं, ओळीतलं अजून हातानंच काढावं लागतं, पण दिवस कमी होतात हे खरंच. आम्ही ठरवलं की त्या सहा जणींपैकी ज्यांना शिकायचंय त्यांनी ट्रॅक्टर चालवायला शिकायचं आणि चालवण्याची मजुरी त्यांना द्यायची. दोघी आता चालवतात. बाकीच्या चौघींचा प्रश्न यानं सुटलेला नाही, त्यावर दर महिन्याच्या बैठकीत बोलणं चालू आहे. अवजार निवडताना किंमत आणि मजबुती बघतोच, पण कुणाच्या हातचं काम जातं आणि कुणाच्या हाती येतं, हेही मांडून बघायला हवं.

आता सगळं थोडक्यात. लिहून घ्या.

फिरणारं अवजार : चाचणी अहवाल, शाफ्टचं झाकण, पक्कं सील, नेहमीच्या मापाची पाती. इथं पैसे सोडा.

ओढायचं अवजार : गावातल्या वर्कशॉपमध्ये, लोखंडाची जाडी लिहून घेऊन, रंगाआधी वेल्डिंग बघून. इथं पैसे वाचवा.

पेरणी यंत्र : पिशव्या बांधून, शंभर फूट चालवून, तोलून मगच.

काहीही घेण्याआधी : ट्रॅक्टरची रुंदी, पिनची जाडी, अवजाराचं वजन, आणि वर्षाला किती एकर काम आहे तो आकडा. हे चार आकडे वहीत असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आणि घेतल्यावर : रोज काम सुरू करण्याआधी जॉइंटला ग्रीस, आठवड्याला गिअरबॉक्सचं ऑईल बघणं, आणि हंगाम संपला की धुऊन, पात्यांना जुनं ऑईल लावून, लाकडावर उचलून ठेवणं. उघड्यावर पावसात ठेवलेलं महागातलं यंत्र सावलीत ठेवलेल्या स्वस्तातल्या यंत्राच्या आधी मरतं.

तुमच्या गावात कुठलं अवजार चांगलं चाललंय, कुठलं दगा देतंय, ते आम्हाला कळवा. केंद्रावर फोन करा, नाहीतर बाजाराच्या दिवशी भेटा. पेरणी यंत्र मोजून बघायचं असेल तर आमच्याकडं पिशव्याही आहेत आणि काटाही. रान ओलं व्हायच्या आधी या.

बरं, येतो आम्ही. रामराम.